शब्दचर्चा: घड्याळाच्या पट्ट्यावरचं सोनं, मुलामा की आणखी काही?

रानजाई
जुन्या मनगटी घड्याळांच्या एका सूचीचं मराठी करतेय. स्टील आणि सोनं मिळून घडवलेल्या पट्ट्यांपाशी अडलंय. मूळ मजकूर चार प्रकार वेगळे ठेवतो: मधल्या कड्या १८ कॅरेट सोन्याच्या, स्टीलच्या कडीवर सोन्याचा पत्रा बसवलेला, विजेने चढवलेला २० मायक्रॉनचा थर, आणि हल्लीचं पीव्हीडी, म्हणजे निर्वात पेटीत वाफेतून बसवलेला पातळ थर. शेवटच्या तिन्हींना आपण सर्रास 'सोन्याचा मुलामा' म्हणतो. तपासणाऱ्या बाईंना ते मान्य नाही. शिवाय 'सोन्याचा दर्जा' खोडून त्यांनी 'सोन्याचा कस' केलंय. तुम्ही काय लिहाल?

कानामात्रा
कस अगदी बरोबर. कष् म्हणजे घासणे, त्यावरून कस, कसोटी. असा नेमका शब्द घरात असताना 'दर्जा' कशाला? मुलामाही अरबी, मुलम्मा म्हणजे चकाकी दिलेलं. 'लेप' लिहा.

नवसागर
पट्टे दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत म्हणून सांगतो. कस एवढंच सांगतो की त्या सोन्यात सोनं किती भाग. १८ कॅरेट म्हणजे २४ पैकी १८, हजारात ७५०. आता १८ कॅरेटची अख्खी कडी घ्या आणि १८ कॅरेटचा २० मायक्रॉन थर घ्या. कस दोन्हींचा एकच! पण २० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पट्ट्याची कड टेबलाला, बाहीला घासते, तिथे तो थर आधी उडतो आणि खालचा धातू डोकावतो.

आणि सोन्याची कडी म्हटली तरी ती भरीव असेलच असं नाही. कितीतरी जुन्या पट्ट्यांत मधल्या कड्या सोन्याचा पत्रा दुमडून केलेल्या असतात, आत पोकळ. कड्या जोडणारी स्टीलची खीळ सोन्यापेक्षा कठीण, त्यामुळे वापरून वापरून भोक लांबट होतं. असा पट्टा आडवा धरला की मधोमध लोंबतो. त्यावरचा ७५०चा छाप शंभर टक्के खरा, तरी पट्टा निकामी. म्हणून बाईंना सांगा, दर्जा आणि कस एक नव्हेत. सूचीत दोन्ही हवेत.

तळटीप
लेप चंदनाचा, नाहीतर औषधाचा. धातूला नको. आपल्याकडे शब्द मुबलक आहेत: पत्रा जाड, मुलामा त्याहून पातळ, 'पाणी' तर नावापुरतं. पीव्हीडीला मात्र यातला एकही लावू नका. त्यातला पिवळा रंग पुष्कळदा टायटॅनियम नायट्राइडचा असतो, सोन्याचा कणही नसतो. तिथे 'सोन्याचा थर' लिहिणं म्हणजे वाचकाची फसवणूक. 'सोनेरी थर' लिहा.

रानजाई
'सोन्याचा' आणि 'सोनेरी' हा भेद लगेच उचलला, आभार. अशा स्टील-सोन्याच्या पट्ट्यांना म्हणतात त्या 'टू-टोन'ला 'दुरंगी' चालेल?

पाटीपेन्सिल
दुरंगी माणूस, दुरंगी वागणं. नको हो. 'दोन रंगी' बरं.

तळटीप
रंगच काढून टाका. रोलेक्सने स्टील-सोन्याच्या जोडीसाठी १९३३ मध्ये 'रोलेसोर' हे नाव नोंदवलं; रोलेक्स अधिक सोन्याचा फ्रेंच शब्द 'ऑर'. त्याच्या पांढऱ्या प्रकारात काचेभोवतीचं कडं तेवढं पांढऱ्या सोन्याचं, पट्टा पूर्ण स्टीलचा. धातू दोन, पण बघणाऱ्याला रंग एकच. 'द्विधातू' हाच शब्द टिकेल.

कानामात्रा
एक कंपनी आपल्या मालासाठी नवा शब्द घडवते आणि जग तो वापरतं. आपणच का कचरतो? सुवर्ण आणि अयस् म्हणजे लोखंड, मिळून 'स्वर्णायस'.

नवसागर
पट्टा घेऊन येणारा माणूस 'स्टील-गोल्ड' म्हणतो. त्याला 'स्वर्णायस' म्हटलं तर तो दुसरीकडे जाईल. 'स्टील-सोनं' लिहा, कुणालाही कळेल.

कानामात्रा
कळत नाही म्हणून वापरायचा नाही, आणि वापरला नाही म्हणून कळत नाही. असंच करत शब्द मरतात.

पाटीपेन्सिल
कसाचा विषय निघालाय तर विचारते. 'बावनकशी' म्हणजे किती कॅरेट? आजोबा सांगायचे, बावन्न वेळा कसोटीवर घासून खरं उतरलेलं. १८ कॅरेटला बावनकशी म्हणता येईल?

नवसागर
मुळीच नाही. बावनकशी म्हणजे चोख. १८ कॅरेटमध्ये चौथा हिस्सा हीण.

तळटीप
'हीण' मला खटकतो. तांबं वाढवलं की सोनं तांबूस होतं, पॅलेडियम घातलं की पांढरं. चोख सोनं पट्ट्यासाठी फार मऊ. रंग आणि टणकपणा देणारा धातू हीन कसा?

कानामात्रा
हीण हा सोनारकामातला रोजचा शब्द, त्यात निंदा नाही. निंदा 'हिणकस'मध्ये आहे. आणि बावन्न वेळा घासण्याची गोष्ट मला पटत नाही. ऐन-ए-अकबरीत सोन्याच्या शुद्धतेच्या बारा पायऱ्या आहेत, सर्वांत वरचं ते बाराबानी. ज्ञानेश्वरीत उत्तम सोनं 'साडेपंधरे' आहे. आकडा पायरी सांगतो. बावन्नही तसाच असावा.

पाटीपेन्सिल
बारा, साडेपंधरा, बावन्न, इतक्या वेगवेगळ्या मोजपट्ट्या? त्यापेक्षा आजोबांचंच खरं वाटतं.

रानजाई
मंडळी, पत्र्याचं राहिलं. 'पत्रा' वाचून छप्पर आठवतं, 'पत्राजडित' करा, अशी नवी टीप आलीय.

तळटीप
जडवतात तो खडा. पत्र्याने वस्तू मढवतात. 'सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या कड्या'.

नवसागर
मढवणे उत्तम. मात्र जाडी मायक्रॉनमध्ये लिहाच.

कानामात्रा
साडेपंधरे ज्या ओवीत येतं तिथे 'रजतवणी' असा शब्द आहे. उत्तम सोन्याला चांदीचा मुलामा देण्यासारखं, असा अर्थ लावतात. यातलं 'वणी' म्हणजे पाणी. गुळवणी, चिंचवणी आठवा. म्हणजे धातूला 'पाणी' चढवणं सातशे वर्षांपूर्वीही मराठीत होतं. मुलाम्याची गरजच नाही.

तळटीप
'वणी' इथे वर्णावरून का नसेल? चांदीचा वर्ण देणे, हाही अर्थ नीट बसतो.

कानामात्रा
गुळवणीतही वर्णच म्हणणार का?