सेव्हिल-ग्रानादा: माळकरी आईसोबत तापास बारमध्ये कसं जेवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आई, बाबा आणि मी सध्या स्पेनमध्ये सेव्हिलला आहोत. परवा सकाळी बसने ग्रानादाला निघायचंय, त्यामुळे जरा घाईने विचारते आहे. जाणकारांनी कृपया मदत करा.

आई माळकरी आहे. मांस, मासे, अंडं तिने आयुष्यात तोंडाला लावलेलं नाही. कांदा-लसूण एकादशी सोडून चालतो. बाबा सगळं खातात, पण त्यांना मधुमेह आहे आणि रात्री साडेसातला गोळी घेऊन लगेच जेवावं लागतं. इथे तर साडेआठच्या आधी स्वयंपाकघर उघडतच नाही!

काल दुपारी एका तापास बारमध्ये, म्हणजे छोट्या ताटल्यांत खाणं देणाऱ्या बारमध्ये, बसलो. काचेच्या कपाटात बटाट्याच्या कोशिंबिरीसारखं काहीतरी दिसलं. उकडलेल्या बटाट्याच्या जाड फोडी, कांदा, बारीक चिरलेली हिरवी पानं, वरून ऑलिव्ह तेल. मी वेटरला विचारलं, "सिन कार्ने?" म्हणजे मांस नाही ना? तो अगदी मनापासून "सी, सी" म्हणाला. आईने दुसरा घास घेतला आणि थांबली. बटाट्याखाली तपकिरी धाग्यांसारखा ट्यूना मासा होता. तिने घास रुमालात काढला, चूळ भरून आली आणि "तुम्ही जेवा" एवढंच बोलली. रात्री हरिपाठ म्हणताना तिचा आवाज बसलेला होता. मला रडू आलं. चूक माझी होती, तिने माझ्यावर विश्वास ठेवून खाल्लं होतं.

आज सकाळपासून ती बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाते आहे. "मला काही नको गं, तुम्ही दोघं जाऊन या" म्हणते. पण काल त्या कपाटातल्या ताटल्यांकडे ती किती कुतूहलाने बघत होती, ते मी पाहिलंय. हे काय, ते कशाचं, असं मला विचारत होती. उरलेले सहा दिवस तिने खोलीत बसून दशम्या खाव्यात हे मला पटत नाही.

तर नेमकं कसं विचारू? कोणते पदार्थ निर्धास्त मागवता येतील? बाबांच्या वेळेचं काय करू? आणि ग्रानादात म्हणे पेय मागवलं की तापा आपोआप समोर येते. तिथे तर काय येईल ते आपल्या हातातच नाही!

---

प्रतिसाद १

आधी तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मी चार वर्षं सेव्हिलमध्ये होते, मीही शाकाहारी. तुमची गफलत कुठे झाली सांगते. "कार्ने" म्हणजे तिथल्या बोलण्यात लाल मांस. मासा त्यात धरत नाहीत, आणि पुष्कळदा खामोन, म्हणजे सुकवलेलं डुकराचं मांस, तेही धरत नाहीत. चिमूटभर वरून भुरभुरलं तर ते त्यांना मिठा-मसाल्यासारखं वाटतं. वेटर खोटं बोलला नाही, तुमचा प्रश्न अपुरा पडला.

म्हणून एकेक नाव घेऊन विचारायचं. "येबा खामोन? येबा आतून? येबा उएबो?" यात खामोन आहे का, ट्यूना आहे का, अंडं आहे का. ट्यूनाला "आतून" म्हणतात, तुम्ही आता हा शब्द विसरणार नाही. शिवाय "काल्दो दे कार्ने?" हेही विचारा, म्हणजे मांसाचं पाणी. पातातास ब्राबास हे तळलेले बटाटे दिसायला निरुपद्रवी, पण त्यांचा तिखट सॉस काही ठिकाणी त्या पाण्यात करतात. आणि सोबतच्या आलिओली नावाच्या पांढऱ्या लसणाच्या सॉसमध्ये बहुतेक वेळा अंडं असतं.

आता आईंसाठी. पहिलं नाव एस्पिनाकास कोन गार्बान्सोस. पालक आणि काबुली चणे, जिरं, लसूण, लाल मिरचीची पूड आणि दाटपणासाठी तळून वाटलेला पाव. हा सेव्हिलचा खास पदार्थ. आपल्या पालकाच्या पातळ भाजीची आठवण होईल, फक्त ताक नाही. गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं पातळ गार सूप, चालेल, पण वरून काही घालू नका म्हणून सांगा. साल्मोरेखो हे टोमॅटो आणि पावाचं दाट गार सूप, त्यावर अंडं आणि खामोन ठरलेलंच, तेव्हा "सिन खामोन, सिन उएबो". पिमिएन्तोस दे पाद्रोन म्हणजे तेलात परतलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, वर जाडं मीठ. बहुतेक मवाळ, मधेच एखादी झणझणीत. वांग्याचे तळलेले काप वर उसाची काकवी घालून देतात, तेही छान, पण तळण मासळीच्याच तेलात असतं का ते विचारा. छोट्या बारमध्ये बहुधा एकच कढई असते. क्रोकेतास (छोटे तळलेले रोल) आणि ऑलिव्ह मात्र न विचारता घेऊ नका. क्रोकेतासमध्ये बहुधा खामोन असतं आणि काही ऑलिव्हमध्ये अँचोव्ही मासा भरलेला असतो. आणखी एक, दुकानातली मांतेकादो नावाची बिस्किटं डुकराच्या चरबीची असतात. नारळीपाकाच्या वडीसारखी दिसली तरी घेऊ नका.

मागवताना तापा (छोटी ताटली), मेदिया रासिओन (अर्धी), रासिओन (पूर्ण) असे तीन आकार असतात. आधी तापाच मागवा. साधारण ३ ते ५ युरो. पसंत पडलं की पुन्हा सांगता येतं. आणि पाणी विकत घेऊ नका. २०२२ च्या कायद्याप्रमाणे उपाहारगृहांनी नळाचं पाणी फुकट द्यायचं असतं, "आग्वा देल ग्रीफो" मागा.

प्रतिसाद २

ग्रानादाबद्दल. तापा पेयासोबतच येते, त्यामुळे पेय सांगतानाच आईंचं सांगून टाका. "ऊना तापा बेखेतारियाना, सिन पेस्कादो, सिन उएबो." ताटली आली की मग बोलणं अवघड जातं. दारू नको असेल तर मोस्तो मागा, तो द्राक्षाचा रस, त्यावरही बहुतेक ठिकाणी तापा देतात. अल्बायसिन भागात काल्देरेरिया नुएबा नावाची गल्ली आहे. तिथे मोरोक्कन पद्धतीची चहाघरं आहेत, फलाफल-हमस मिळतं. आईंना टेकून बसायलाही बरं.

प्रतिसाद ३

बाबांच्या वेळेचं मी माझ्या सासऱ्यांसाठी असं जमवलं होतं. मोठं जेवण दुपारी दोनला, जसं तिथले लोक करतात. संध्याकाळी "कोसिना इनिंतेररूंपिदा" असा फलक शोधायचा, म्हणजे दिवसभर स्वयंपाकघर चालू. नाही मिळाला तर बारमध्ये चीज-पाव सहसा मिळतो. गोळीच्या वेळेत बदल करायचा असेल तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. खिशात फुटाणे हवेतच.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच जेवून आलो, लगेच कळवते.

पहिल्या दोन ठिकाणी प्रश्न विचारून बाहेर पडलो. तिसऱ्या बारमध्ये काउंटरमागच्या काकांना मी एकेक नाव घेऊन विचारलं. ते आत जाऊन स्वयंपाकीण बाईंना घेऊनच आले. त्या बाईंनी आईच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, मान हलवली आणि बोटावर मोजून दाखवलं: पालक, चणे, लसूण, जिरं, पाव, तेल. "नादा मास." आणखी काही नाही.

छोट्या मातीच्या वाडग्यात आलं. आईने आधी नाकाजवळ नेलं, मग चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. "जिरं भाजून घातलंय गं," म्हणाली. मग पावाच्या तुकड्याने वाडगं पुसून काढलं. बाबांनी दुसरं मागवलं. बिलाचे आकडे काकांनी आमच्यासमोर लाकडी काउंटरवरच खडूने लिहिले आणि पैसे दिल्यावर फडक्याने पुसून टाकले. आईला त्याचं फार अप्रूप वाटलं, गावातल्या वाण्याची आठवण निघाली.

आता एकच विचारायचंय. शुक्रवारी एकादशी आहे आणि त्या दिवशी आम्ही ग्रानादात असू. ताजी फळं आणि न तळलेले, बिनमसाल्याचे बदाम कुठल्या बाजारात चांगले मिळतील?