मदत हवी आहे : बुसानमध्ये ४ दिवस, फक्त खाण्यासाठी

ऑक्टोबरमध्ये मी आणि आई दक्षिण कोरियातल्या बुसानला जातोय. सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांत पोचू. देवळं, पूल वगैरे वेळ उरला तर!

मी अट्टल मासेखाऊ, त्यामुळे जगालची बाजार नक्की. खाली जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तो करून घ्यायचा, एवढं माहीत आहे. पण भाव कसा ठरवतात? वर करून देण्याचे वेगळे पैसे पडतात ना? कच्चा मासा मला जमेल का, शंकाच आहे, कालवणाची सवय.

तिथल्या नाम्पो-दोंग भागातला होत्तोक (बिया भरलेली गोड, तव्यावरची पोळी) आणि थंडगार मिलम्योनही खायचंय. कोरियन युद्धात उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी बकव्हीट (कुट्टू) मिळेना म्हणून गव्हाच्या पिठाच्या शेवया केल्या, ते हे मिलम्योन.

खरा प्रश्न आईचा. ती शाकाहारी, अंडं चालतं. तिकडे साध्या रश्श्यातही सुक्या मासळीचं पाणी आणि किमचीत (आंबवलेल्या भाज्यांत) कोळंबीचं खारवण. बिबिंबाप (भाज्या घातलेला भात) सोडून तिला काय देऊ? 'मासे-मांस नको' हे कोरियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी कुणी वापरली आहे का? मेतकूट-भात किती दिवस पुरवणार!