श्रमदानाला माणसं टिकत नाहीत, काय करू?

माणदेशी:
राम राम मंडळी. आमचं गाव माण तालुक्यातलं, कायम दुष्काळी. यंदा डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले पाणी अडवायचे चर, खोदायला घेतलेत. पहिल्या दिवशी हलगी वाजली, नारळ फुटला, ८५ माणसं आली. आज दहावा दिवस, आणि आम्ही अकरा जण. त्यातले चार माझ्या घरचे. टिकाव मारून मारून आईच्या तळहातांना फोड आलेत, तरी पहाटे पाचला ती चिंध्या गुंडाळून तयार असते. "चल," एवढंच म्हणते. तिच्याकडं बघून माझा आळस पळतो. पण गावाला कसं उठवू? घरोघरी फिरून झालं, देवळावरचा स्पीकर लावून झाला.

कोरेगावकर:
स्पीकरनं काही होत नाही. एक जीप करा आणि आमच्याकडचं वेळू गाव दाखवून आणा. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या पाणी अडवण्याच्या गावोगावच्या स्पर्धेत, हे गाव पहिलं आलं. तेही आपल्यासारखंच टँकरचं गाव होतं. तिथल्या माणसांशी बांधावर बसून बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

चर-आखणी:
वेळूला जाच. पण तोवर प्रत्येकाला स्वतःचा तुकडा द्या. नुसतं "खणा" म्हटलं की माणूस कंटाळतो. ए-फ्रेमनं (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लावलेली लाकडी चौकट) समपातळी काढा, चुना टाका, दोन-दोन मीटर वाटून द्या. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. एका तुकड्यात एका वेळी ३६० लिटर पाणी मावतं, म्हणजे दोनशे लिटरच्या दोन टिपांना (बॅरलना) थोडं कमी. टँकरमागं ज्या टिपासाठी आपण भांडतो, तेच टिप. हे त्यांना चरात उभं करून सांगा.

सुनंदाताई:
बायकांना वेगळी हाक दिलीत का भाऊ? हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. तुम्ही नको, आईंना जाऊ दे.

माणदेशी:
ताई, काल संध्याकाळी आई आळीत फिरली. बोलली काहीच नाही म्हणे, फक्त हात दाखवले. आज ३४ जण! एका आजीला वाकवत नव्हतं, तर तिनं चुन्याचं घमेलं धरलं आणि आपल्या नातवाचा तुकडा स्वतः आखून घेतला. तालमीतली पोरं अजून आलेली नाहीत, त्यांच्यासाठी जीप ठरवतोय. वरच्या अंगाला मुरूम संपून खडक लागलाय. कुणाकडं जादा पहारी असतील तर कळवा, उद्या पहाटेच लागतील.