लोणी चोरणारी शेजारीण आणि आपलं शहाणपण

कॉर्ककर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘जुने आयरिश शेतकरी अडाणीच, लोणी आलं नाही की म्हणे शेजारणीने जादूटोण्याने चोरलं.’ रात्रभर डोक्यात राहिलं. अहो, त्या लोण्यावर जमिनीचा खंड भरायचा असे! म्हणून 1 मेला घरातून दूध, मीठ, विस्तव काही बाहेर जाऊ देत नसत, त्याबरोबर लोणीही जाईल या धास्तीने. घुसळण चालू असताना कुणी दारात आलं, तर त्याने देवाचं नाव घेऊन दांडा दोनचार वेळा हलवायचाच. तसाच गेला की संशय त्याच्यावर.

गोठ्यातली: म्हणजे हात भरून आलेल्या बाईला फुकटचा गडी. अंधश्रद्धा कसली, सोय ती.

सडेतोड: सोय? मे महिन्याच्या पहाटे कुणी म्हातारी दवावरून कापड ओढताना दिसली की झालाच तिच्यावर लोणी चोरल्याचा आळ. बायका ससा होऊन गाईंचं दूध पितात, ही तक्रार गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने बाराव्या शतकातच लिहून ठेवलीय. सशाला गोळी लागते अन् दुसऱ्या दिवशी म्हातारी लंगडते, ही गोष्ट तर गावोगावची. जमीनदार ससा झाल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही.

कॉर्ककर: बरं बाबा, हा मुद्दा तुमचा. पण आमची आयर्लंडातल्या क्लेअरची घरमालकीण, ऐंशी पार, अजून 1 मेला दूध उसनं देत नाही. ती काय कुणाला छळते?

रवीवाला: मुळात साय गार असली की लोणी येतच नाही. चोर शोधायला नांगराचा फाळ आगीत लाल करत म्हणे. त्या धगीला डेरा असेल, तर साय आपोआप ऊबदार! आमची आजी थंडीत कोमट पाणी घालायची, संपला विषय.

गोठ्यातली: कोमट म्हणजे किती? सासूबाईंच्या ‘कोमट’ने माझ्या आठवडाभराच्या सायीचं नुसतं तेलकट पाणी झालं. वर ‘तुझ्या हाताला लोणी नाही’ हे मलाच ऐकवलं!

रवीवाला: ताई, बोट बुडवून बघायचं असतं.

गोठ्यातली: शिकवू नका. वीस वर्षं घुसळतेय.

सडेतोड: सासूने पाणी घातलं, आळ सुनेवर. मी मघापासून दुसरं काय सांगतोय?

रवीवाला: पण पाणी जास्त गरमच होतं ना?

गोठ्यातली: हो, होतं! आता खूश?