लांजेवार तेलुगू की मराठी? '-वार'वाल्या आडनावांचं मूळ

महालवाला:
मंडळी, एक शंका आहे. आमचं आडनाव लांजेवार, राहणार महाल, नागपूर. ऑफिसात हैदराबादकडचे एक साहेब बदलून आले, आडनाव ऐकताच म्हणे तुम्ही तर आमचेच निघाले, वार म्हणजे पक्कं तेलुगू. आता घरी कोणाला तेलुगूचा एक शब्द येत नाही, आजीच्या तोंडूनही कधी ऐकला नाही, आणि आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, यावरून काय ते समजून घ्या. तरी डोक्यात किडा वळवळून राहिला. मूळ शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

वऱ्हाडी ठेचा:
साहेब बरोबर बोलून राहिले भाऊ. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड, सगळीकडे वारच वार आहेत. मुनगंटीवार, वडेट्टीवार, कन्नमवार. मारोतराव कन्नमवार तर १९६२-६३ मधे मुख्यमंत्री होते. सगळा तेलंगणाला लागून असलेला पट्टा आहे.

झाडीपट्टीवाला:
ठेचाभाऊ, अर्धं बरोबर. तेलुगूत 'वारु' हा आदराचा प्रत्यय आहे, आणि घराण्याच्या नावापुढे लावला की अमुक घरची मंडळी असा अर्थ होतो. तोच आपल्याकडे येऊन वार झाला. पण शेवटी वार दिसला की तेलुगू असा ठप्पा मारू नका, आधी वार बाजूला काढा आणि मागे काय उरतं ते पाहा. मामीडवार घ्या, वार काढला की मामीड, तेलुगूत मामिडि म्हणजे आंबा. चिंतावार घ्या, चिंत म्हणजे चिंच. ही आडनावं तेलुगूच, वाद नाही. आता लांजेवारमधला वार काढा. उरते लांजी. लांजी हे बालाघाट जिल्ह्यातलं जुनं किल्ल्याचं गाव, आमगाव-गोंदियाकडून जवळच आहे. म्हणजे तुमचा वार हा 'कर'सारखा, लांजीकडचे ते लांजेवार. तुमच्या साहेबांना चहा पाजा पण नातं जोडू नका.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. गावावरून पडलेलं आडनाव गाव सोडल्यावर चिकटतं. लांजीत बसून कोण कोणाला लांजीवाला म्हणेल? रामटेके, पौनीकर, वैरागडे (हे वैरागड गडचिरोलीतलं, आरमोरीजवळचं), चांदेकर, सगळ्यांचं तेच. चांदेकरात तर चंद्रपूरचं जुनं नाव चांदा तसंच जपून राहिलं आहे. नागपुरे आडनावाची घरं नागपूरच्या बाहेर बघा किती सापडतात. म्हणून आडनावातलं गाव हे तुमचे पूर्वज जिथून निघाले ते गाव, आणि ते कधी निघाले हे आडनाव सांगत नाही, त्यासाठी कागदच लागतो.

महालवाला:
वा, हे पटलं. पण कागद कुठले? बाबांच्या टीसीच्या मागे काहीच नाही घरात.

झाडीपट्टीवाला:
टीसीवर थांबू नका. शाळेचं दाखल खारीज रजिस्टर असतं, त्यात आजोबांचं नाव, जात, जन्मगाव मिळू शकतं. त्याच्या मागे जायचं तर कोतवाल पंजी. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू सांगायचा त्याची ती वही, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे कापडी बस्त्यात बांधलेली असते, नक्कल काढायला अर्ज द्यावा लागतो. आणि जमीन असेल तर अधिकार अभिलेख, पी-१, मिसल बंदोबस्त, हे जमिनीचे जुने सरकारी कागद. नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा, आणि पहिला मोठा बंदोबस्त (जमीन मोजून सारा ठरवणं) १८६० च्या दशकातला, म्हणून कुळांची नावं बऱ्यापैकी मागपर्यंत जातात. जात पडताळणीसाठी धावपळ केलेल्या कोणालाही विचारा, त्याला हे सगळं तोंडपाठ असतं, कारण एससीला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि ओबीसींना १९६७ च्या आधीचा. आपल्याकडे वंशावळीचा अभ्यास खरा त्याच रांगेत उभं राहून होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या जुन्या वह्यांत बऱ्याचदा आडनाव नसतंच. लिहिलेलं असतं "गोविंदा वल्द महादू, सा. अमुक, जात अमुक", बस. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असेल तर जौजे, म्हणजे अमक्याची बायको, नवरा वारला असेल तर बेवा. आणि सा. म्हणजे साकीन, राहणार. लोक पानं उलटत लांजेवार लांजेवार शोधतात आणि "काही नाही मिळालं" म्हणून परत येतात. आडनाव नका शोधू, पणजोबा आणि त्यांच्या बापाचं नाव जोडीने शोधा, आणि सा. पुढचं गाव लिहून घ्या. ते गाव लांजीकडचं निघालं की तुमचं काम झालं.

सीताबर्डीकर:
मग आडनाव लिहायला कधी लागले?

झाडीपट्टीवाला:
खूप घरांत शाळेत नाव घालताना. मास्तरने विचारलं आडनाव काय, बापाने जे सांगितलं ते पक्कं झालं. म्हणून सख्ख्या भावांची आडनावंसुद्धा वेगळी सापडतात, एकाने गावावरून सांगितलं, दुसऱ्याने कुळावरून. हुद्द्यावरची आडनावं मात्र आधीपासून कागदावर आहेत कारण कागद तेच लिहायचे! नवीस म्हणजे फारसीत लिहिणारा, त्यावरून फडणवीस, भोसल्यांच्या दरबारचे चिटणवीस. वऱ्हाडपांडे म्हणजे वऱ्हाडातला हिशेब ठेवणारे.

वऱ्हाडी ठेचा:
आणि मेश्राम? आमच्या गल्लीत दोन घरं आहेत, एक बौद्ध एक गोंड.

झाडीपट्टीवाला:
दोन्हीकडे आहे, बरोबर. गोंडांत ते कुळाचं नाव आहे, तेलंगणात आदिलाबादकडच्या केसलापूरच्या नागोबाची जत्रा याच मेश्राम कुळाची. आडनावावरून जात ओळखणाऱ्यांची इथेच फजिती होते आणि व्हायलाच पाहिजे. गोंडांची कुळनावं तर वेगळाच खजिना आहे, टेकाम सागावरून, मरकाम आंब्यावरून. म्हणजे मामीडवारही आंबा आणि मरकामही आंबा, एक तेलुगू एक गोंडी.

सीताबर्डीकर:
नाशिकला गंगेवरच्या उपाध्यायांकडे पण नामावळ असते ना? गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात, आधी कोण येऊन गेलं त्यांच्या सह्या असतात.

झाडीपट्टीवाला:
असते, पण तुमच्या घरातलं कोणी तिथे गेलं असेल तरच. आणि तिथेही आडनावापेक्षा गाव विचारतात आधी. महालवाले, लांजी आता मध्यप्रदेशात आहे, नागपूर १९५६ पर्यंत त्याच राज्याची राजधानी होतं त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं इथेच मिळेल. तिकडच्या गावाचा कागद बालाघाटलाच मागावा लागेल, आणि हिंदीत अर्ज लिहून न्या, वेळ वाचेल.

महालवाला:
आमगावला मोठी आत्या आहे, तिला आधी पणजोबांच्या बापाचं नाव विचारतो. साहेबांना काय सांगू?

वऱ्हाडी ठेचा:
सांगा सांबार आणतो म्हणून, अन् कोथिंबिरीची जुडी द्या.