एटीआर ७२-६०० चं ॲड-ऑन: घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

होटगीरोड_३३
एमएसएफएस २०२० (मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर) साठी एटीआर ७२-६०० या दोन पंख्यांच्या प्रवासी विमानाचं ॲड-ऑन (वेगळं विकत घ्यायचं विमान) बघतोय. आपल्या सोलापूरहून गोव्यातल्या मोपाला न्यायचंय, व्हीएएसएल ते व्हीओजीए (दोन्ही विमानतळांचे कोड). स्क्रीनशॉट काय, सगळ्यांचेच झकास असतात. आतलं काम पक्कं आहे की वरवरचं, हे एक-दोन फ्लाइटमध्ये कसं कळेल? जॉयस्टिक साधीच आहे, थ्रॉटलला एकच ॲक्सिस (दोन्ही इंजिनांना मिळून एकच लिव्हर). सांगा की.

टॉर्क_९०
रनवेवरून नको, पार्किंगमधून कोल्ड अँड डार्क (सगळं बंद असताना) सुरू करा. एटीआरला एपीयू (जमिनीवर वीज-हवा पुरवणारं छोटं इंजिन) नसतो. म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा प्रॉप ब्रेकने धरून इंजिन चालू ठेवतात, तोच हॉटेल मोड. विमान जमिनीवर, गस्ट लॉक (वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून असतो तो) लावलेला, कंडिशन लिव्हर (पंखा आणि इंधनाची) एफटीआर म्हणजे फेदर किंवा फ्युएल एसओ म्हणजे इंधन बंदवर आणि ब्लू हायड्रॉलिकला (एक हायड्रॉलिक यंत्रणा) प्रेशर, एवढं जुळलं तरच प्रॉप ब्रेकचा रेडी दिवा लागतो. एकेक अट मोडून बघा. गस्ट लॉक काढूनही दिवा लागत असेल तर तो नुसता शोभेचा.

टेकऑफला पॉवर मॅनेजमेंटचा नॉब टीओवर (टेकऑफ), लिव्हर नॉचमध्ये (ठरलेल्या खाचेत): टॉर्क (पंख्याला मिळणारा जोर) ९० टक्क्यांच्या आसपास, एनपी (पंख्याचा वेग, टक्क्यांत) १००. नंतर नॉब सीएलबीवर (क्लाइंब, म्हणजे चढताना) फिरवला की लिव्हर न हलवता एनपी ८२ वर उतरला पाहिजे, आवाजातही फरक कळला पाहिजे.

पण खरा कस लागतो तो इंजिन फेलमध्ये. व्ही१ (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवत नाहीत) नंतर एक इंजिन बंद पाडा. एटीपीसीएस (इंजिन फेल झालं तर आपोआप सावरणारी यंत्रणा) आर्म म्हणजे तयार असताना त्याचा टॉर्क १८ टक्क्यांखाली गेला की चांगलं इंजिन लगेच १०० कडे चढतं, आणि २.१५ सेकंदांनी बंद इंजिनाचा पंखा आपोआप फेदर होतो, म्हणजे हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पाती वळतात. मग एटीपीसीएस ऑफ करून हेच पुन्हा करा. पंखा फेदर न होता फिरत राहिला की ड्रॅग (हवेचा अडथळा) प्रचंड. विमानाने त्या बाजूला सणसणीत ओढ घ्यायला हवी. दोन्ही वेळा सारखंच वागलं तर पैसे खिशातच ठेवा.

जुळे_सोलापूर
एका ॲक्सिसवर त्रास नॉचचा होतो. स्वस्त जॉयस्टिकचा पॉट (हालचाल मोजणारा सेन्सर) थरथरतो, लिव्हर नॉचमधून सटकते आणि टॉर्क वर-खाली नाचतो. सेन्सिटिव्हिटीत थोडा डेडझोन (बारीक हालचाल न मोजणारा भाग) द्या. ग्राउंड आयडल-रिव्हर्सला (टेकल्यावर वेग मारायची लिव्हरची जागा) वेगळं बटण देता येतं का, तेही विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर टेकल्यावर लिव्हर फ्लाइट आयडललाच (हवेतली किमान पॉवर) अडून राहील आणि विमान पळतच सुटेल.

फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) १५ ची वेगमर्यादा १८५ नॉट, ३० ची १५०. मुद्दाम ओलांडा, वॉर्निंग वाजते का बघा.

एफपीएससाठी (सेकंदाला किती चित्रं दिसतात) सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमधला काउंटर लावा. जागा तीच, हवामान तेच, आधी डिफॉल्ट विमान, मग हे. ‘मेनथ्रेड’ने (प्रोसेसरवरचं मुख्य काम) अडलंय असं दिसलं तर ग्राफिक कार्ड बदलून काही होणार नाही, टेरेनचा एलओडी (जमिनीचे बारकावे), ट्रॅफिक आणि ग्लास कॉकपिटचा रिफ्रेश रेट उतरवा.

होटगीरोड_३३
आणि आपला मे महिना? ४२ डिग्रीत काही फरक दाखवतात का?

टॉर्क_९०
कस्टम वेदरमध्ये आधी १५, मग ४२ टाका. वजन सारखंच, स्पीड १७० नॉट. ४२ ला चढण्याचा वेग स्पष्ट कमी यायला हवा आणि आयटीटी (इंजिनाच्या आतलं तापमान) वर. आकडे तसेच राहिले तर इंजिनाला तापमान माहीतच नाही.

जाता जाता: सोलापूरच्या अप्रोचला (उतरायला येताना) सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी दिसली तर बिचकू नका. ती जून २०२३ ला पाडलीय. सीनरी जुनी आहे, त्यात विमानाचा दोष नाही.