विषय: गॅलापागोसच्या आधी क्विटोत एक दिवस, आईबाबांना घेऊन

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आईबाबांना घेऊन गॅलापागोस बेटांची ग्रुप टूर करतोय. टूरवाले इक्वाडोरच्या राजधानीत, क्विटोच्या हॉटेलवर रात्री भेटणार, आम्ही मात्र आदल्या रात्रीच पोचतोय, म्हणजे अख्खा दिवस हातात आहे. आई ६६, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी. बाबा ७०, भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक, तब्येत ठणठणीत. कोणी जाऊन आलंय का? केबल कारचं खूप ऐकलंय, ती करावी का?

---

रि: गॅलापागोसच्या आधी क्विटोत एक दिवस

अरे, केबल कार पहिल्या दिवशी अजिबात नको! क्विटोच मुळात २,८५० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १,६४६, आणि ती केबल कार पिचिंचा ज्वालामुखीच्या अंगाला जवळजवळ ४,००० मीटरवर नेऊन सोडते. आम्ही हौसेने पहिल्याच सकाळी गेलो आणि वर सासूबाईंना असं गरगरलं की बाकावर बसवून हात चोळत बसले, खाली आल्यावर तासाभराने चेहऱ्यावर रंग आला. अजून आठवलं की पोटात गोळा येतो, म्हणून आधी हेच लिहिलं.

सरळ जुन्या गावात जा. आता मेट्रो आहे, ४५ सेंट तिकीट, सान फ्रान्सिस्को स्टेशनातून वर आलात की त्याच नावाच्या चौकात निघता. (२००० सालापासून तिथे अमेरिकन डॉलरच चालतो, पण पन्नास-शंभरची नोट छोटे दुकानदार घेत नाहीत, सुट्टे न्या.) तिथून दोन मिनिटांवर ला कोंपान्या चर्च, ते मात्र चुकवू नका. १६०५ ला बांधायला घेतलं आणि १७६५ ला पुरं झालं, बाहेरून करडा ज्वालामुखीचा दगड आणि आत पाऊल टाकलं की भिंती, खांब, छत, जिकडे बघाल तिकडे सोन्याचा वर्ख. आत फोटो काढू देत नाहीत त्यामुळे कोणाचे मोबाईल वर नव्हते, सासूबाई अर्धा तास नुसत्या मान वर करून बसल्या होत्या, सकाळचं सगळं विसरून. मग प्लासा ग्रांदेत, म्हणजे जुन्या गावातल्या मोठ्या चौकात, बाकावर बसा, बूटपॉलिशवाली मुलं, गप्पा मारणारे आजोबा, तिथेही तास जातो. बासिलिका हे मोठं चर्च खालूनच बघा, मनोऱ्यावरच्या शिड्या आईंना झेपायच्या नाहीत, पण बाहेरच्या बाजूला दगडात इग्वाना आणि कासवं कोरलीत, गॅलापागोसला निघालेल्यांनी ती बघायलाच हवीत.

जेवणाचं टेन्शन नको. लोक्रो दे पापा म्हणजे बटाट्याचं दाटसर सूप, त्यात चीज आणि वर अ‍ॅव्होकाडो, ते आईंना नक्की आवडेल. यापिंगाचो म्हणजे चीज भरलेली बटाट्याची टिक्की, सोबत शेंगदाण्याचा सॉस. पण "सिन कार्ने, सिन पोयो" (मांस नको, कोंबडी नको) म्हणायचं आणि सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का ते दर वेळी विचारायचं. भर दुपारी ढग असले तरी सनस्क्रीन लावा. छत्री हवीच.

विषुववृत्ताचं स्मारक लांब आहे, एका दिवसात धावपळ होईल, मी तर सोडा म्हणेन.

---

रि: रि: गॅलापागोसच्या आधी क्विटोत एक दिवस

वहिनी, बाकी सगळं मान्य पण शेवटचं नाही. बाबा भूगोलाचे शिक्षक आहेत, त्यांना विषुववृत्ताच्या इतकं जवळ नेऊन परत आणायचं?

मी मूळचा हिंगणघाटचा. आमच्याकडे लॅम्बटनची कबर आहे. १८०२ ला मद्रासहून जमीन मोजत मोजत निघालेला माणूस, १८२३ ला आमच्या गावात गेला. लहानपणी आम्ही तिथे नुसते खेळायचो. क्विटोत कळलं की तेच काम फ्रेंचांनी त्याच्या कितीतरी आधी, १७३६ पासून, तिथल्या डोंगरांत केलं. अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी किती लांब भरतो ते मोजायचं, दुसऱ्या तुकडीने लॅपलँडला मोजायचं, आणि ताडून बघायचं. उत्तरेकडचा अंश लांब भरला, म्हणजे पृथ्वी ध्रुवांकडे चपटी. मी तिथे उभा राहून गावाकडे वडिलांना फोन लावला होता.

स्मारकापाशी विषुववृत्त म्हणून आखलेली पिवळी रेघ जीपीएसवर दिसणाऱ्या खऱ्या विषुववृत्तापासून साधारण २४० मीटर दक्षिणेला आहे, हे बाबांना आधी सांगू नका, ते स्वतः मोबाईलवर बघतील. आसपास बेसिनमधलं पाणी रेघेच्या अलीकडे-पलीकडे उलटं फिरतं असं दाखवतात, ते खरं नाही. आणि आपल्याकडे मे-जुलैत शून्य सावलीचे दिवस येतात ना, तिथे ते मार्च आणि सप्टेंबरात येतात. डिसेंबरात दुपारी सावली उत्तरेकडे पडेल, बाबांना दाखवा.

---

रि: रि: रि: गॅलापागोसच्या आधी क्विटोत एक दिवस

काका, बाबांना मेल वाचून दाखवला, त्यांनी हिंगणघाटचं आधी ऐकलं होतं, नकाशा काढून बसलेत. सकाळी टॅक्सीने विषुववृत्त, दुपारी जेवून ला कोंपान्या, केबल कार रद्द. काकू, आई विचारतेय गॅलापागोसला चिवडा नेता येतो का?

---

रि: रि: रि: रि: गॅलापागोसच्या आधी क्विटोत एक दिवस

दुपारी पाऊस गाठतो, पण चर्चच्या आत असाल, चालेल. बेटांवर जाताना क्विटोच्या एअरपोर्टवर बॅगा तपासून सील करतात, ताजी फळं आणि बिया अजिबात नकोत. पॅकबंद चिवडा आमचा सोडला. घरचा डबा मात्र क्विटोतच संपवा.